भाव, भाऊ आणि बाईचे मत

निवडणूक आटोपली की आपल्याकडे एक प्रश्न हमखास विचारला जातो : या वेळी बायकांनी कोणाला मते दिली? विचारणाऱ्याच्या आवाजात थोडे कुतूहल असते आणि बरीचशी तुच्छता. पुरुष विचार करून मत देतो आणि बाई मात्र पंधराशे रुपये किंवा सिलिंडर बघून मत देते, हे त्यात गृहीतच धरलेले असते. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निकालानंतर 'बायका विकल्या गेल्या' हे वाक्य मी करमाडच्या एसटी थांब्यावर ऐकले, शहरातल्या परिसंवादात ऐकले आणि स्वतःला पुरोगामी म्हणवणाऱ्या कार्यकर्त्यांच्या तोंडूनही ऐकले. म्हणून या अंकाच्या संपादकीयात हाच विषय घेते आहे. घरातली आर्थिक तंगी आणि नेत्याची लोकप्रियता यांचे नाते काय, आणि त्या नात्यात बाई नेमकी कुठे उभी असते?

भाव वाढले, कामे गेली की सत्तेवरचा नेता नावडता होतो आणि बरे दिवस आले की आवडता होतो, हे जुने गणित आहे. ते अगदी खोटे नाही. १९९८ च्या अखेरीस कांदा कडाडला आणि दिल्ली व राजस्थानातली सरकारे कोसळली. दिल्लीत सुषमा स्वराज गेल्या, शीला दीक्षित आल्या. गंमत अशी की ज्या भावाने दिल्लीतल्या बाईच्या डोळ्यांत पाणी आणले, त्याच भावाची वाट नाशिक जिल्ह्यातली कांदा पिकवणारी बाई वर्षानुवर्षे पाहत असते. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी स्त्रियांचे मोठे अधिवेशन भरले, ते याच कांद्याच्या मुलुखात. तेव्हा 'महागाई' म्हणजे सगळ्या बायकांचे एकच दुःख असे समजून चालणार नाही. कोण विकते, कोण विकत घेते आणि कोण दुसऱ्याच्या शेतात मजुरीने राबते, यावर भावाचा अर्थ बदलतो.

आपल्याच भागातला अलीकडचा अनुभव पाहू. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले, डिसेंबरात निर्यातबंदी केली आणि ती उठवली ४ मे २०२४ ला, लोकसभेची निवडणूक सुरू असताना. सोयाबीनला आणि कापसाला दोन-तीन वर्षांपूर्वी दहा हजारांच्या वरचा भाव पाहिलेला होता, तो पुरता उतरला. सोयाबीन तर हमीभावाच्याही खाली विकले जात होते. निकाल आपण जाणतोच. राज्यातल्या ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला आणि १७ महायुतीला. मराठवाड्यातल्या आठपैकी एकच जागा, औरंगाबादची, महायुतीकडे राहिली. करमाडचा भाग फुलंब्री विधानसभा मतदारसंघात येतो आणि फुलंब्री जालना लोकसभेत. तिथे १९९९ पासून सलग पाच वेळा निवडून आलेले रावसाहेब दानवे एक लाखाहून अधिक मतांनी पडले आणि कल्याण काळे निवडून आले. मराठा आरक्षणाचे आंदोलन याच जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीतून पेटले होते; त्याचा वाटा या निकालात मोठा होता आणि तो बाजूला ठेवून नुसत्या भावावर सगळे ढकलणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण कांद्याने आणि सोयाबीन-कापसाने आपल्याला रडवले, हे तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनीच निकालानंतर मान्य केले होते.

आता पुढचे सहा महिने बघा. २८ जून २०२४ ला राज्याच्या अर्थसंकल्पात 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना' जाहीर झाली. १७ ऑगस्टला, राखी पौर्णिमेच्या तोंडावर, पहिल्या दोन महिन्यांचे तीन हजार रुपये बायकांच्या खात्यांत पडले. ऑक्टोबर-नोव्हेंबरचे पैसे आचारसंहितेच्या आधीच दिले गेले. २३ नोव्हेंबरला निकाल लागला तेव्हा २८८ पैकी २३० जागा महायुतीच्या तीन पक्षांकडे होत्या. मराठवाड्यात ४६ पैकी ४०. आपल्या जिल्ह्यात नवाच्या नऊ. सोयाबीनचा हमीभाव त्या हंगामाला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात ते त्याहून कितीतरी खाली, चार हजारांच्या आसपास जात होते. म्हणजे शेतातली परिस्थिती सुधारलेली नव्हती. तरी निकाल उलटला. धर्माच्या नावाने केलेला प्रचार, विरोधकांची आपसातली भांडणे, इतर मागासवर्गीयांची एकजूट, अशी आणखी कारणे होतीच. पण स्त्रियांचे मतदान २०१९ मध्ये साठ टक्क्यांच्या खाली होते, ते २०२४ मध्ये पासष्टच्या वर गेले, हेही खरे आहे.

यावरून मला जे दिसते ते असे. तंगी थेट मतपेटीत उतरत नाही. ती आधी घरात उतरते आणि घरात ती बाई झेलते. तेल महागले की फोडणीत तेल कमी पडते; मजुरी बुडाली की बाई पहाटे तास-दोन तास आधी उठते, सरपण आणते, स्वतःच्या औषधाचा पैसा मुलाच्या फीला लावते, शेवटची भाकरी दुसऱ्याच्या ताटात वाढते. बाजारातला तोटा अशा रीतीने तिच्या बिनमोल कष्टाने भरून निघतो. घर चालूच राहते, म्हणून बाहेरून बघणाऱ्याला काही बिघडलेले दिसत नाही. सोयाबीन पडले की पुरुष रस्ता अडवतो, त्याची बातमी होते. बाईने जेवणात केलेल्या काटकसरीची बातमी होत नाही आणि त्या काटकसरीचा दोष कोणा नेत्याला लागत नाही. मदत मात्र चेहरा घेऊन येते. खात्यात पैसे येतात ते 'भावाकडून', धान्याच्या पिशवीवर फोटो असतो, सिलिंडरच्या जाहिरातीत फोटो असतो. घेताना नेता अदृश्य आणि देताना दारात उभा. नेत्याच्या लोकप्रियतेचा हिशोब असा एका बाजूनेच लिहिला जातो.

याचा सगळ्यात जळजळीत दाखला आमच्या गावाच्या नावानेच देशाला माहीत झाला. २४ मार्च २०२० च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले वीस मजूर मे महिन्यात रुळावरून चालत भुसावळकडे निघाले. तिथून मध्य प्रदेशात जाणारी गाडी मिळेल अशी त्यांना आशा होती. दमून ते बदनापूर आणि करमाडच्या दरम्यान रुळावरच झोपले. ८ मेच्या पहाटे मालगाडी आली आणि सोळा जण गेले. उमरिया आणि शहडोल जिल्ह्यांतली ही माणसे. रुळावर विखुरलेल्या चपात्यांचे छायाचित्र सगळ्या देशाने पाहिले. त्या सोळांच्या घरांत राहिलेल्या बायकांचे छायाचित्र कोणी फारसे पाहिले नाही.

इतके हाल झाल्यावर सत्तेला धक्का बसेल असे अनेकांना वाटले. तो बसला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात मध्य प्रदेशात २८ पोटनिवडणुका झाल्या, त्यांतल्या १९ सत्ताधारी पक्षाने जिंकल्या. बिहारातही मोठ्या संख्येने मजूर चालत गेले. तिथे बायकांचे मतदान पुरुषांपेक्षा जास्त झाले आणि सरकार टिकले. याला लोकांचा विसरभोळेपणा म्हणून मोकळे होता येणार नाही. आजार जगभर होता, त्याचा दोष कोणा एकाला देणे अवघड होते. दुसरीकडे बायकांच्या जनधन खात्यात तीन महिने पाचशे-पाचशे रुपये आले, उज्ज्वलाच्या घरांना तीन सिलिंडर मिळाले, माणशी पाच किलो धान्य मोफत मिळाले. रोजगार गेला तो नियतीने नेला आणि धान्य आले ते सरकारने दिले, असे चित्र तयार झाले. चूल पेटवायची जबाबदारी ज्या बाईवर असते तिच्या दृष्टीने त्या पाच किलोंचे मोल खरेच होते. ते तिने मोजले यात तिचे काय चुकले?

सिलिंडरची गोष्टही आमच्या शेजारची आहे. ७ सप्टेंबर २०१९ ला पंतप्रधान शेंद्र्याला आले, ऑरिक वसाहतीचे लोकार्पण झाले आणि त्याच दौऱ्यात बचत गटांतल्या स्त्रियांच्या राज्यस्तरीय मेळाव्यात उज्ज्वला योजनेच्या आठ कोटी जोडण्या पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. जोडणी मिळाली. धुराने डोळे चुरचुरणारी बाई त्याचे स्वागत करणारच, आपणही केले. पण २०२० च्या उन्हाळ्यात अनुदान बंद झाल्यासारखेच झाले आणि मार्च २०२३ पर्यंत दिल्लीत टाकीचा भाव ११०३ रुपयांवर गेला. मग उज्ज्वलाच्या टाक्या घराच्या कोपऱ्यात बसल्या आणि बायका पुन्हा काट्या-पऱ्हाट्या वेचायला लागल्या. पुढचे वेळापत्रक लक्षात घेण्यासारखे आहे. ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस टाकी दोनशेने स्वस्त झाली. लोकसभेच्या तोंडावर, ८ मार्च २०२४ ला, म्हणजे आपल्या महिला दिनाला, आणखी शंभरने. निवडणूक होऊन गेली आणि एप्रिल २०२५ मध्ये पन्नास रुपये वाढले. बाईच्या चुलीकडे सरकारचे लक्ष असते. फक्त ते पंचांगाप्रमाणे असते.

ही काही एका पक्षाची किंवा एका राज्याची गोष्ट नाही. मध्य प्रदेशात २०२३ मध्ये शिवराजसिंह चौहान यांनी लाडली बहना योजना आणली आणि २३० पैकी १६३ जागा मिळाल्या. झारखंडात हेमंत सोरेन यांनी मंईयां सन्मान योजना आणली आणि आपल्याकडचा निकाल लागला त्याच दिवशी तेही पुन्हा निवडून आले. बिहारात सप्टेंबर २०२५ मध्ये बायकांच्या खात्यांत दहा हजार पडू लागले आणि नोव्हेंबरात सत्ताधारी आघाडीला २४३ पैकी २०२ जागा मिळाल्या. आपल्याकडच्या विरोधकांनीही महिना तीन हजारांचे आश्वासन दिलेच होते. पण पैसे टाकले की बाई मत देतेच, असे मात्र नाही. आंध्रात जगनमोहन रेड्डी यांनी मुलांना शाळेत पाठवणाऱ्या आयांना वर्षाला पंधरा हजार आणि इतर कितीतरी योजनांचे पैसे थेट खात्यात दिले. २०२४ मध्ये त्यांच्या पक्षाला १७५ पैकी अकराच जागा मिळाल्या. म्हणजे बाई पैसे घेते आणि विचारही करते. 'विकल्या गेल्या' म्हणणाऱ्यांनी हा आकडा जवळ ठेवावा.

त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. २००८ मध्ये देशभर शेतकऱ्यांची कर्जमाफी झाली आणि २००९ मध्ये तेच सरकार पुन्हा आले. 'शेतकरी विकले गेले' असे कोणी म्हटले नाही. लाडक्या बहिणीच्याच वर्षी साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांचे वीजबिल माफ झाले. पंप ज्याच्या नावावर असतो तो बहुतेक ठिकाणी पुरुषच. त्याच्या मताची किंमत कोणी काढली नाही. पुरुषाला मिळाले तर ते धोरण, बाईला मिळाले तर ती लाच, ही भाषा आपण चालू देता कामा नये. करमाड परिसरातल्या बैठकांतून मी ऐकते ते साधे आहे. चष्म्याचा नंबर काढला. मुलीची एसटीची पास काढली. कानातले सोडवून आणले. आणि सगळ्यात जास्त वेळा ऐकू येते ते हे, की नवऱ्यापुढे हात पसरावा लागला नाही. ज्या बाईच्या हातात आयुष्यात स्वतःच्या नावाचा पैसा पहिल्यांदा आला, तिच्यापुढे आपण नाक मुरडायचे कारण नाही.

मग आपले भांडण कशाशी? आपले भांडण त्या नात्याशी आहे. बहिणीला भाऊ ओवाळणी घालतो ती त्याची मर्जी असते. मागच्या वर्षीपेक्षा कमी घातली म्हणून बहीण कोर्टात जात नाही. सरकारशी आपले नाते नागरिकाचे आहे. २,१०० रुपयांचे आश्वासन निवडणुकीत दिले गेले, मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ते आले नाही. जुलै २०२५ मध्ये सुमारे २६ लाख नावे अपात्र म्हणून थांबवली गेली. त्यांत पुरुषांनी लाटलेले पैसे होते, ते थांबलेच पाहिजेत. पण निवडणुकीआधी घाईने भरून घेतलेले अर्ज निवडणुकीनंतर निवांतपणे तपासले गेले, हेही खरे. ज्या शेतकरी बाईच्या नावावर जमीन आहे आणि जिला शेतकरी सन्मानाचे पैसे मिळतात, तिला पंधराशेऐवजी पाचशेच मिळू लागले. अशा बायका पावणेआठ लाखांच्या घरात होत्या. सातबाऱ्यावर नाव लागावे म्हणून आपण वर्षानुवर्षे भांडलो आणि नाव लागलेल्या बाईच्याच पैशाला कात्री लागली.

सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हा तर मूळ दुखणेच उघडे पडले. बाईच्या स्वतःच्या आधारकार्डाने भागेना. नवऱ्याचे किंवा बापाचे आधार लागले. ओरड झाल्यावर विधवांना मृत्यूचा दाखला आणि घटस्फोटितांना कोर्टाचा कागद अंगणवाडीत देण्याची सोय झाली. टाकलेल्या बाईने काय द्यायचे? तिचा नवरा मेलेला नाही, त्याने घटस्फोट दिलेला नाही, तो दुसरा संसार थाटून बसला आहे आणि त्याच्या आधारकार्डावरचा आकडा मागायला तिने त्याच्याच दारात जायचे! परित्यक्तांचा प्रश्न महाराष्ट्रातल्या स्त्री चळवळीने १९८० च्या दशकापासून मांडला. बाईला तिच्या स्वतःच्या नावाने ओळखा, एवढेच आपले म्हणणे होते. 'लाडकी' म्हणून हाक मारली तरी सरकारी कागदावर ती अजून कोणाची तरी बायको आणि कोणाची तरी मुलगीच आहे.

हे अर्ज भरले कोणी, तेही विसरू नये. मानधनवाढीसाठी डिसेंबर २०२३ पासून बावन्न दिवस संप करणाऱ्या अंगणवाडी सेविकांनीच काही महिन्यांनी अर्जामागे पन्नास रुपयांच्या बोलीवर हे काम उरकले. नेत्याची लोकप्रियता ज्या बायकांच्या हातांनी घराघरांत पोचली, त्यांना सरकार आजवर कर्मचारी म्हणायला तयार झालेले नाही. आणि २८८ आमदारांत बायका निवडून आल्या अवघ्या २१.

दुसरा रस्ता महाराष्ट्राने पाहिलेला आहे. १९७२ च्या दुष्काळात आणि महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते अशा वेगवेगळ्या पक्षांतल्या बायका महागाई प्रतिकार समितीत एकत्र आल्या. लाटणी घेऊन मोर्चे निघाले. तेल आणि साखर रेशनवर का नाही, साठा कोणाच्या गोदामात आहे, असे प्रश्न बायकांनी मंत्र्यांना तोंडावर विचारले. त्या महागाईतून बायकांचे स्वतःचे नेतृत्व उभे राहिले. १९७७ मध्ये मृणालताई आणि अहिल्याताई लोकसभेत गेल्या. त्याच दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायकांच्या कष्टातून रोजगार हमी उभी राहिली, तिचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि १९७९ च्या प्रजासत्ताकदिनापासून लागू झाला. मजुरी तुटपुंजी होती, मुकादमाची दादागिरी होती, पाळणाघर कागदावरच असे. तरीही काम मागणारी बाई कोणाची लाडकी नव्हती, हक्कदार होती. काम द्या नाहीतर भत्ता द्या, असे ती तहसीलदाराला म्हणू शकत होती. याच कायद्याच्या अनुभवावर २००५ चा देशाचा रोजगार हमी कायदा झाला. तो बाजूला सारून डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने नवा कायदा मंजूर केला, तेव्हा गावागावांत जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही. हप्ता एक दिवस उशिरा आला तर मात्र चर्चा होते. ती व्हावीच, पण दोन्हींची व्हावी.

म्हणून गटांना माझे सुचवणे आहे. योजना घ्या, एकही बाई सुटू देऊ नका, आणि टाकलेल्या बाईला गावातल्या पंचनाम्यावर व ग्रामसभेच्या ठरावावर लाभ मिळावा अशी मागणी करा. पैशाला कायद्याचा आधार मागा, म्हणजे निवडणुकीनंतर नावे उडणार नाहीत. त्याबरोबर प्रत्येक गटाने एक वही घालावी. कापूस वेचणीचा किलोचा दर काय मिळाला, खुरपणीला बाईला किती आणि पुरुषाला किती रोज मिळाला, टाकी कितीला पडली, तेल-डाळ कितीला, रेशनवर काय आले आणि काय आले नाही, वर्षात किती दिवस काम मिळाले, हे सगळे दर महिन्याला त्या वहीत लिहावे. शेंद्र्याच्या कारखान्यांत आपल्या किती मुली कायम झाल्या आणि किती ठेकेदाराकडेच राहिल्या, तेही लिहावे. संपादित जमिनीचा मोबदला आला तेव्हा घरातल्या बाईच्या खात्यात त्यातला किती आला, हे विचारायला संकोच वाटला तरी विचारावे. बाईने सोसलेली तंगी कागदावर आली तरच तिचा हिशोब कोणाच्या तरी नावावर टाकता येईल. पुढची निवडणूक ग्रामपंचायतीची असो की लोकसभेची, ओवाळून घ्यायला जो भाऊ दारात येईल त्याला आधी ही वही वाचायला द्यावी.

मध्य प्रदेशात बहिणींनी ज्यांना निवडून दिले असे म्हणतात ते मामा मुख्यमंत्री राहिले नाहीत. आपल्याकडेही ज्यांच्या नावाने योजना गाजली त्यांची खुर्ची निकालानंतर दुसऱ्याकडे गेली. नेत्यांची लोकप्रियता पक्षांनाही एवढीच टिकाऊ वाटते. आपल्या वेचणीचा दर, आपले सातबाऱ्यावरचे नाव, आपली कामाची हमी ही त्यापेक्षा अधिक टिकाऊ असायला हवी.

आपापल्या गटात या विषयावर बैठक घ्या. बायका काय म्हणाल्या ते त्यांच्याच शब्दांत लिहून पाठवा, आमच्याशी मतभेद असले तरी. पुढच्या अंकात तुमच्या वह्यांमधली पाने छापायची आहेत.